मावशी, ससा आणि चोरीची रोपं

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये एप्रिलला वसंत ऋतू म्हणतात. म्हणजे स्वेटरवर रेनकोट चढवायचा आणि तिरक्या पावसात भेटलेल्या अनोळखी माणसाला ‘काय छान दिवस आहे!’ असं सांगायचं. सांगलीहून आलेल्या माझ्या मावशीने हा वसंत पाहिला आणि कानाला मफलर गुंडाळला.

आम्ही निघालो होतो लेखिका बिआट्रिक्स पॉटरच्या ‘हिल टॉप’ या घरी. मला तिचं लिहिण्याचं ठिकाण बघायचं होतं. मावशीला पुस्तकांशी देणंघेणं नव्हतं. ‘बाईंची बाग आहे’ एवढ्यावर ती तयार झाली. बोनेसपाशी विंडरमिअर तलाव ओलांडायला तारेवर ओढली जाणारी फेरीबोट आहे. पलीकडे उतरलं की आधी फार सॉरी हे गाव लागतं आणि चढ चढून जीव मेटाकुटीला आला की मग नियर सॉरी. जवळ-लांब हे सगळं हॉक्सहेड गावाकडून मोजलेलं. बोटीने येणाऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार कुणी केलेला नाही.

वाटेत कुरणांमध्ये हर्डविक मेंढ्या. कोकरं काळीकुळकुळीत, आया करड्या. ही जात काळी जन्मते आणि वयाबरोबर पांढुरकी होत जाते, असं मी सांगितलं. “त्यात काय एवढं?” मावशी म्हणाली. “महिनाभर मेंदी चुकली तर मीही हर्डविकच.”

घर लहान, त्यामुळे ठरावीक वेळेच्या तिकिटावरच आत सोडतात. बिआट्रिक्सने ते १९०५ मध्ये घेतलं ते पीटर रॅबिट या आपल्या पुस्तकातल्या सशाच्या जिवावर. हा ससा जन्मला १८९३ साली, एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रात. प्रकाशकांनी नाकं मुरडली, तेव्हा बाईंनी १९०१ मध्ये पदरमोड करून २५० प्रती छापल्या. मग प्रकाशकाला जाग आली. घराच्या पैशांत थोडी भर पडली ती बाईंच्या मावशीकडून आलेल्या वारशाची. हे ऐकताच आमच्या मावशीने मफलर सैल केला. “बघ, ससा-बिसा ठीक आहे. घर झालं ते मावशीमुळे!”

घरात त्या काळी उंदरांचा सुळसुळाट होता. आपण पिंजरा लावून मोकळे झालो असतो. बाईंनी १९०८ मध्ये त्यांच्यावर पुस्तक काढलं. लेखकाच्या घरात काही वाया जात नाही.

पण खरी गंमत बागेत. लांबलचक फरसबंद पायवाट, दोन्ही बाजूंना फुलं आणि भाज्या एकमेकींच्या अंगावर रेललेल्या, भिंतीतल्या कोनाड्यात मधमाश्यांची पेटी. मावशी एका वाफ्यापाशी थबकली. “अळू!” तो रुबार्ब होता. देखरेख करणाऱ्या आजींनी हसून सांगितलं, पानं विषारी असतात, देठ तेवढे साखर घालून शिजवायचे. मावशीला ते पटलं नाही. पानं फेकून देठ खाणाऱ्यांना अळूचं फदफदं कुणी शिकवलंच नाही, असं तिने मला मराठीत सुनावलं आणि आजींकडे बघून गोड हसली.

मग तिने पर्समधून ओला रुमाल काढला. मी ओळखलं. “मावशी, इथून रोप न्यायला परवाने लागतात!”

“चोरून आणलेलंच जगतं,” ती म्हणाली. “आपला मनीप्लांट कुठून आलाय?”

इथे मला बोलताच येईना, कारण बिआट्रिक्सबाईंचं मतही हेच. हिल टॉप घेतल्यावर शेजारणी त्यांना रोपं देत. त्यांच्यातल्याच एकीने सांगितलं की चोरीचं रोप हमखास लागतं. बाईंनी दुसऱ्यांच्या बागेतल्या जाळायला काढलेल्या कचऱ्यातून रोप उचललं आणि ते पत्रात लिहूनही टाकलं. शेजारच्या बागेत घुसणाऱ्या सशाची गोष्ट त्यांना कुठून सुचली, हा प्रश्न मला तरी उरला नाही.

अर्थात हिशोब चोख. १९४३ मध्ये वारल्या तेव्हा ४,००० एकरांहून जास्त जमीन त्यांनी असा वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकली. तेवढ्याच्या बदल्यात एक रोप माफ व्हायला हरकत नाही.

तुम्हाला जायचं असेल तर वसंतातच जा. घराचं तिकीट आधी काढा, छत्री विसरू नका, आणि सोबत कुणाची मावशी असेल तर तिची पर्स तुम्हीच धरा.