स्थळाची निवड आणि वेळापत्रकाची मर्जी

इंग्लंडच्या ग्रामीण भागात मोटारीविना आणि एकट्याने सुट्टी घालवू पाहणाऱ्या प्रवाशाला स्थळ आपणच निवडतो असे वाटत असते; वस्तुतः ती निवड ब्रिटिश रेल्वेचे तत्कालीन प्रमुख रिचर्ड बीचिंग यांनी १९६३च्या अहवालातच उरकली असून, दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची त्यांची शिफारस बहुतांशी अमलात आल्याने पसंतीचा भार पुष्कळच हलका झाला आहे. उरलेल्यांत मँचेस्टर–शेफील्ड मार्गावरील ईडेल सोयीचे, कारण ‘पेनाइन वे’ ही लांब पल्ल्याची पायवाट तेथूनच सुरू होते. सरोवरांच्या प्रदेशातल्या विंडरमियरलाही रेल्वे जाते, तीही कवी वर्ड्सवर्थ यांनी १८४४ मध्ये केलेल्या कडाडून विरोधाला न जुमानता. ज्या गर्दीला ते रोखू पाहत होते, ती आता त्यांचेच घर पाहण्यासाठी तिकीट काढते. स्थानकापुढे बस लागते, आणि लंडनबाहेरील बससेवा १९८६ मध्ये कंपन्यांच्या नफ्यातोट्यावर सोपवली गेल्यापासून अनेक मार्गांवर ती रविवारी, म्हणजे नेमकी सहलीच्या दिवशी, विश्रांती घेते. मुक्कामी बहुधा ‘सिंगल सप्लिमेंट’ भरावे लागते. दोघांच्या खोलीत एकट्यानेच झोपण्याबद्दलचा हा अधिभार असून, न आलेल्या सोबत्याची न्याहारी त्याबदल्यात बांधून मिळाल्याचे ऐकिवात नाही.