श्री. कॅल्शियमराव कार्बोनेट यांस, जागा खाली करण्याबाबत

प्रति,
श्री. कॅल्शियमराव कार्बोनेट,
मुक्काम : हॉलच्या खिडकीची काच, बाहेरची बाजू, दुसरा मजला,
बजाजनगर, वाळूज, छत्रपती संभाजीनगर.

विषय : काचेवरील जागा विनाविलंब खाली करण्याबाबत.

संदर्भ : 1) दिवाळीपूर्वी ओल्या फडक्याने केलेली विनंती. 2) तारेच्या घासणीने दिलेली समज. 3) ब्लेडने बजावलेली नोटीस.

महोदय,

आपण आमच्याकडे राहायला नेमके केव्हा आलात, याची नोंद घरात कुठेच सापडत नाही. पहिल्या वर्षी चार-दोन ठिपके होते. ही म्हणाली, पाऊस उडाला असेल. दुसऱ्या वर्षी ठिपक्यांचे ओघळ झाले आणि तिसऱ्या वर्षी ओघळांचा पडदा. आज परिस्थिती अशी आहे की मोहटादेवी चौकाकडून फर्स्ट शिफ्टची बस वळते तेव्हा बस आली एवढं कळतं, कोणत्या कंपनीची ते कळत नाही. बाहेर मे महिन्याचं 42 अंशांचं ऊन आणि आमच्या खिडकीत महाबळेश्वरचं धुकं. पाहुणे विचारतात, दुधी काच मुद्दाम बसवली का? आम्ही हो म्हणतो.

आपलं कूळ मोठं आहे, हे आम्हाला मान्य आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्ह्याचा काळा पाषाण आमच्या पायाखाली आहे. त्याच पाषाणात वेरूळचं कैलास लेणं कोरलं आणि त्याच पाषाणात आमच्या सोसायटीने बोअर मारला. दोन्ही कामं वरून खाली झाली, एवढंच साम्य. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड पिऊन किंचित आंबट होतं आणि खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम चाटत चाटत खाली उतरतं. त्यात मराठवाड्याच्या काळ्या मातीखाली जागोजागी चुनखडीचे खडे. ते तर विरघळायला टपलेलेच. अशा रीतीने आपण बायकार्बोनेटच्या बुरख्यात पाण्यातून प्रवास करता. नितळ, निरागस, ग्लासात धरलं तर दिसतही नाही. थेंब काचेवर पडला, ऊन लागलं, वायू उडाला, पाणी उडालं, की बुरखा फाटतो आणि आपण उरता.

शाळेच्या पुस्तकात या पाण्याला ‘दुष्फेन’ असं भारदस्त नाव होतं. परीक्षेत लिहिल्यानंतर तो शब्द पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकला नाही. इथे बोअरचं पाणी म्हटलं की पुरतं. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ चार शिट्ट्यांनंतरही दाताखाली येते, साबणाचा फेस होण्याऐवजी चिकट साका होतो आणि डोक्यावरून पाणी घेतलं की केसांचा काथ्या. म्हणून नळाचं पाणी, म्हणजे पैठणच्या नाथसागरातून येणारं, स्वयंपाकाला राखून ठेवायचं आणि बाकी सगळं बोअरवर भागवायचं, हा आमच्या घरचा कायदा.

गावात आपले भाऊबंद प्रतिष्ठित आहेत. बीबीच्या मकबऱ्याला खाली आणि घुमटाला संगमरवर आहे, मधल्या भागाला चुन्याचा गिलावा. संगमरवर म्हणजे आपणच, आणि चुन्याचा गिलावा हवा खाऊन वाळतो तेव्हा तोही शेवटी आपणच होतो. तिथे आपल्याला बघायला लोक तिकीट काढतात. इथे आम्ही आपल्याला फुकट ठेवून घेतलं, तरी आपण आम्हाला चुना लावलात. वाक्प्रचार इतका शब्दशः खरा झालेला आम्ही आयुष्यात प्रथमच पाहतो आहोत.

आपल्या वाढीत आमच्या कूलरचा हातभार आहे, हे आम्ही कबूल करतो. खिडकीच्या अर्ध्या भागात लोखंडी स्टँडवर तो मार्चपासून बसतो. दिवसाला 50 लिटर पाणी सहज पितो. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 10500 या मानकात पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा, असं म्हटलं आहे. आमचा बोअर त्या 600 वर आहे असं धरलं, तर 50 लिटरमागे 30 ग्रॅम. कूलर पाणी हवेत सोडतो, आपल्याला सोडत नाही. साठ दिवसांचे झाले एक किलो आठशे ग्रॅम. एवढा चुना दोन महिन्यांत आमच्या खिडकीत उतरतो. काही टाकीच्या तळाशी, काही कूलरच्या गवतावर (ते जूनमध्ये काढताना पापडासारखं मोडतं), आणि पंख्याच्या वाऱ्याने तुषार उडून उरलेला शेजारच्या काचेवर. एका कुटुंबाला हे फार होतं, साहेब. पान खाणारंही घरात कुणी नाही.

आपल्याला हुसकावण्यासाठी काय काय केलं, तेही नोंदवून ठेवतो. वर्तमानपत्राचा ओला बोळा फिरवला. काच ओली असेपर्यंत आपण गायब, वाळली की हजर. मग मेहुणीच्या सांगण्यावरून टूथपेस्ट लावली. ट्यूबवरचे घटक नंतर वाचले तर पहिल्याच ओळीत कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे आपल्याला काढायला आपलेच नातेवाईक पाठवले होते. तारेच्या घासणीने आपण जागचे हलला नाहीत, काचेवर मात्र चंद्रकोरीच्या आकाराचे ओरखडे उठले. ते आता आपल्यासोबत कायमचे राहतील. आणि शेवटी, सांगायला लाज वाटते, संडासात टाकायचं अ‍ॅसिड आणलं. आपण थोडे विरघळलात, नाही असं नाही. पण ओघळ खाली उतरला तो आधी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर, तिथे काळपट चट्टे पडले, आणि मग खिडकीखालच्या कडप्प्यावर. कडप्पा हा जातीचा चुनखडकच. तो फसफसला आणि त्याची काळी तुकतुकी गेली ती गेलीच. खिडकीतल्या पाहुण्याला मारायला निघालो आणि घरातला माणूस जखमी केला. वर ही मोरीतली ब्लीचिंग पावडर घेऊन मदतीला येत होती. ती वेळेवर दारात अडवली गेली म्हणून हे पत्र लिहायला आम्ही शिल्लक आहोत. त्या दोहोंच्या मिलाफातून क्लोरीन निघतो.

अडवणारे होते शेजारचे भाऊ. ते एका कारखान्यात बॉयलरवर आहेत. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि मागोमाग ही वसाहत वाढली, त्यामुळे आमच्याकडे कोणतीही अडचण आली तरी जिन्यात त्या विषयाचा कामगार भेटतोच.

“काय करायलेत काका?” त्यांनी विचारलं. म्हटलं, घाण निघत नाही.

“घाण नाही ती. स्केल आहे. घाण घासून निघते, स्केल मुरवून काढावं लागतं.”

आमच्या तीन वर्षांच्या लढाईचा निकाल त्यांनी दोन वाक्यांत लावला. बॉयलरच्या नळ्यांत आपण जमलात तर जळण वाया जातं आणि नळी तापून फुटायची भीती असते. म्हणून तिथे आपल्याला दारातच अडवतात, पाणी आधी सॉफ्टनरमधून काढतात. तिथे आपल्यासाठी पगारी माणूस नेमलेला आहे आणि इथे नुसता मी.

पुढच्या रविवारी भाऊंनी कारवाई हातात घेतली. स्लायडिंगचा पल्ला वर उचलून ट्रॅकमधून काढला आणि गॅलरीत गोणपाटावर आडवा ठेवला. उभ्या काचेवर काही लावलं तर ते टिकतच नाही, ही साधी गोष्ट मला तीन वर्षांत सुचली नव्हती. किराणा दुकानातून लिंबूसत्व आणलं, ढोकळ्यात घालतात तेच. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. त्यात माझा जुना बनियन बुडवून काचेवर पसरला, वर प्लास्टिकची पिशवी अंथरली, आणि आम्ही चहा प्यायला आत गेलो.

वीस मिनिटांनी बनियनचं टोक उचललं. महोदय, आपल्याबद्दल एरवी काही चांगलं बोलावं असं नाही, पण ते दृश्य देखणं होतं. मोहरीहून बारीक बुडबुडे, सोड्याच्या बाटलीच्या आत चिकटलेले असतात तसे, प्रत्येक ठिपक्याच्या कडेने ओळीने बसलेले. मधूनच एखादा सुटायचा. कधी काळी मातीतून उचललेला वायू आपण आमच्या गॅलरीत परत करत होता. नखाने हलकेच टोकरलं तर कालपर्यंत ब्लेडला दाद न देणारा थर ओल्या रांगोळीसारखा बोटाला आला.

हा हर्ष फार टिकला नाही. काच धुवायला मी नेहमीची बादली आणली. भाऊंनी विचारलं, हे पाणी कुठलं? मी जरा अभिमानानेच सांगितलं, आरओचं. एक ग्लास गोड पाण्यामागे दोन-तीन ग्लास वाया जातं, ते आम्ही नळीखाली बादली लावून साठवतो. दुष्काळी मुलखातली माणसं आम्ही, पाणी फेकवत नाही. फरशी त्याच पाण्याने पुसतो आणि दर शनिवारी खिडक्याही त्यानेच धुतो.

भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “काका, मशीन चांगलं पाणी तुम्हाला देतं आणि त्यातले क्षार या बादलीत टाकतं. बोअरपेक्षा हे सव्वा-दीडपट जड. तुम्ही दर शनिवारी काच धूत नव्हता, काचेला चुन्याचा हात देत होता.”

तर महोदय, मूळ तक्रारीत दुरुस्ती करावी लागत आहे. आपण घुसखोर नसून भाडेकरू आहात, आणि करारावर दर शनिवारी सही आमची आहे. फिर्यादीचं नाव आरोपींच्या रकान्यात पहिलं येतं. तरीही मागणी कायम आहे, कारण घरमालकाला चूक केली म्हणून घर सोडता येत नाही.

शेवटचा हात कोणत्या पाण्याने द्यायचा, यावर समोरच्या वहिनींचा एसी कामी आला. एसीच्या नळीतून गळतं ते हवेतलं बाष्प थंड होऊन झालेलं पाणी, त्यात आपल्याला जवळजवळ प्रवेश नाही. “वहिनी, तुमच्या एसीचं गळकं पाणी मिळेल का?” हा प्रश्न विचारताना मला उसने पैसे मागताना झालं नव्हतं तेवढं अवघड झालं. त्यांनी दोन बाटल्या भरून दिल्या आणि औषधाला पाहिजे का, असं हळूच विचारलं.

काच आता बरीचशी स्वच्छ आहे. पल्ला परत ट्रॅकमध्ये बसला तेव्हा समोरच्या इमारतीला रंग दिल्याचं आम्हाला प्रथमच कळलं. मात्र डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, कूलरच्या अगदी लगत, आपण अजून आहात. तीन वेळा बनियन बदलला. बुडबुडे येत नाहीत, म्हणजे तिथे आपण नसून आपली खूण असावी. भाऊंच्या मते हे सिलिका असेल. काळ्या पाषाणातल्या पाण्यात तीही असते आणि ती लिंबूसत्वाला भीक घालत नाही. नाहीतर वर्षानुवर्षं क्षार धरून काचच खाल्ली गेली असेल. काचवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, सिरियम ऑक्साइडची पावडर लावून मशीनने पॉलिश होईल, पण त्या पैशांत नवी काच येते. तेवढ्या कोपऱ्याबाबतचा आपला दावा विचाराधीन ठेवला आहे.

उर्वरित काचेसाठी अटी अशा की शनिवारची बादली बंद. ते पाणी संडासात ओतलं जाईल, तिथे आपण खुशाल राहा. कूलर आणि काच यांच्यामध्ये जुन्या फ्लेक्सचा तुकडा बांधला आहे. त्यावर एका माजी नगरसेवकांचा हसरा चेहरा आहे, तुषार त्यांच्यावर उडतील. आणि काच ओली झाली की वाळायच्या आत कोरड्या फडक्याने पुसायची, ही जबाबदारी घरातल्या एकमेव निवृत्त इसमावर एकमताने सोपवण्यात आली आहे.

कळावे,
आपला (नाइलाजाने),
एक खिडकीधारक

प्रत माहितीस्तव : 1) वरच्या मजल्यावरील मोगऱ्याच्या कुंड्या. 2) सोसायटीचा बोअर. 3) मेहुणी.

ता. क. : पत्र घडी करतो आहे तोच वरच्यांनी मोगऱ्याला पाणी घातलं. बोअरचंच असणार. एक थेंब काचेच्या मध्यापर्यंत आला आहे आणि बनियन दोरीवर वाळतो आहे.