बंद चार्जर मोजतो कोण?

गाडी एका चार्जिंगमध्ये किती जाते, हे विचारणं आता पुरे करा. इलेक्ट्रिक गाडी घेऊन लांब निघालेल्या माणसाचा जीव टांगणीला लागतो तो पुढच्या चार्जरपायी. ॲपवर हिरवा दिसतोय, पण पोचल्यावर चालू असेल का?

तरी रेंजचं आधी उरकून घेऊ. जाहिरातीतला आकडा चाचणीच्या रोलरवर निघतो आणि आपल्याकडच्या त्या चाचणीत वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. ९०ला टेकतो तोही थोडाच वेळ. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२०ची मुभा आहे. ९०वरून १२०वर गेलात की हवेचा विरोध जवळपास पावणेदोन पट होतो. तो पट बॅटरीतूनच वसूल होणार. कंपनीच्या नावाने बोटं मोडण्याआधी पाय जरा सैल करा, शंभरच्या आत राहा, फरक लगेच कळतो.

घाटाचाही बाऊ नको. खोपोली ते लोणावळा चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसं-सामान धरून सतराशे किलोची गाडी वर न्यायला अडीच युनिट लागतात, वाटेतली गळती धरली तर तीन. सपाटीवर तेवढ्यात वीसेक किलोमीटर झाले असते. परतीच्या उतारावर त्यातलं बरंचसं बॅटरीत परत जमा होतं. म्हणजे वेग, चढ, माणसं, एसी, सगळ्याचा हिशेब घरी बसून मांडता येतो.

चार्जरचा येत नाही. रागावायचं असेल तर इथे रागवा.

चार्जर उभा असतो, दिवेही लागलेले असतात, पण त्याच्या पोटातल्या सिमला सिग्नल नाही म्हणून ॲपवरून चार्जिंग सुरू होत नाही. इमर्जन्सीचं लाल बटण कुणीतरी दाबून गेलेला असतो आणि ते फिरवून सोडायचं असतं हे वॉचमनला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला दोष देऊ नका. चार्जर बसवणाऱ्याने त्याला दहा मिनिटं शिकवलं असतं तर निम्मी भांडणं मिटली असती. पाटीवर ६० किलोवॅट लिहिलेलं असतं, दोन गन दोन गाड्यांना लागल्या की वाट्याला ३० येतात. हॉटेलच्या आवारात चार्जरपुढे डिझेलची गाडी आडवी लावून मालक आत मिसळ खात बसलेला असतो. तिन्हीसांजेला वळवाचा पाऊस येतो, लाईट जाते, आणि मुलाबाळांसकट कुटुंब १४ टक्क्यांवर रस्त्याकडेला बसून राहतं.

वर प्रत्येक कंपनीचं ॲप निराळं, वॉलेट निराळं. आधी पैसे भरा, मग वीज घ्या, उरलेले तिथेच पडून. पेट्रोल पंपावर कुणी आपल्याकडे आधी ओटीपी मागितला असता का? इलेक्ट्रिक गाडी विकताना जीएसटी ५ टक्के लावणारं सरकार तीच गाडी वाटेत चार्ज करायला १८ टक्के घेतं, हेही एकदा मोठ्याने म्हणायला हवं.

कागदावर सगळं आहे. केंद्राच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशन होतं. राज्याच्या २०२५च्या धोरणातही २५ किलोमीटर आहेत. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जरसाठी २,००० कोटी रुपये ठेवलेत. पण उद्घाटनाच्या भाषणात आकडा येतो तो किती बसवले याचा. त्यातले आज दुपारी किती चालू आहेत, हा आकडा कुणीच देत नाही.

ब्रिटनने हा आकडा कायद्यात घातला. नोव्हेंबर २०२४पासून तिथे ५० किलोवॅट आणि त्यावरच्या सार्वजनिक चार्जरचं जाळं वर्षाच्या सरासरीने ९९ टक्के वेळ चालू असलंच पाहिजे, नाही तर दंड. चोवीस तास फुकट हेल्पलाइनही सक्तीची. युरोपीय संघात एप्रिल २०२४नंतर बसवलेल्या अशा जलद चार्जरवर साध्या बँक कार्डाने पैसे देता आलेच पाहिजेत. यात रॉकेट सोडण्याएवढं अवघड काय आहे? मोटारींचं आणि बॅटऱ्यांचं तंत्र आपण इथे उभं करतो, आणि बिघडलेल्या चार्जरकडे माणूस धाडायला आपल्याला नियम सापडत नाही!

अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ झाला, चांगलं झालं. मला विचाराल तर टोल घ्या. त्या पैशातून समृद्धीच्या ७०१ किलोमीटरवरचा प्रत्येक चार्जर चालू ठेवा, बंद पडलेल्यांची यादी रोज जाहीर करा, आणि अनुदान चार्जर बसवल्याबद्दल न देता त्याने विकलेल्या युनिटवर द्या. चार्जरवर छापलेला फोन रात्री दोन वाजता कुणीतरी उचलू दे, आणि त्याला मराठी येऊ दे.

तोवर सुट्टीत कोकणात किंवा विदर्भात निघणाऱ्यांनी एवढं करावं. घरून शंभर टक्के भरून निघा. २० टक्क्यांवर पोचाल असा चार्जर निवडा आणि तो बंद निघाला तर उरलेल्या २०त गाठता येईल असा दुसरा आधीच हेरून ठेवा. तसा दुसरा नसेल तर एक थांबा अलीकडेच घ्या. निघण्याआधी तिथल्या माणसाला फोन करा, आणि ॲपमध्ये गेल्या दोन दिवसांत तिथे कुणी चार्जिंग केल्याचं दिसतं का ते पाहा. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा चार्जर डिकीत ठेवा. मुक्कामाच्या घरी मालकाला विचारून तो रात्रभर लावा, आणि विजेचे पैसे न मागता द्या.

आणि रांग असेल तर ८० टक्क्यांवर गन काढा. त्यापुढे बॅटरी स्वतःच वीज हळू घेते. अनेक गाड्यांत शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या सत्तर टक्क्यांएवढा वेळ जातो. मागच्या गाडीत म्हातारी माणसं, लहान मुलं बसलेली असतात. जेवायला आत जाणार असाल तर काचेवर मोबाइल नंबर लिहून ठेवा आणि फोन आला की हात धुऊन बाहेर या.