चारही टायर बदला म्हणणाऱ्या शेठना अनावृत पत्र

मा. शेठ,


आपल्यासारखे निष्णात, तत्पर आणि मृदुभाषी टायरविक्रेते नाशकात आहेत, हे या शहराचे भाग्यच. त्या भाग्यातला चार नव्याकोऱ्या टायरांइतका वाटा आमच्या कुटुंबाच्या पदरात पडला. त्याचे आभार दुकानात येऊन मानले असते, पण तिथे ते आपल्याशिवाय कोणाच्या कानी गेले नसते. म्हणून हे जाहीर पत्र.

पहिले आभार आपल्या वेगाचे. आमची हॅचबॅक दारात उभी राहिली, आपण पुढच्या डाव्या टायरकडे उभ्याउभ्या एक नजर टाकली आणि निदान झाले. “रस्तेच असे आहेत मॅडम. रबर संपलं. चारही बदला, सेट बसतो.” वाकणे नाही, टॉर्च नाही, गाडी वर उचलणे नाही. त्या टायरच्या बाहेरच्या कडेला नक्षी चांगली खोल होती. आतली कड मात्र इतकी खाल्ली गेली होती की रबराखालची पोलादी तार उघडी पडली होती. एकाच टायरच्या दोन कडांत एवढा भेद रस्त्याने केला असेल, तर त्या रस्त्याने आमच्याच गाडीशी वैर धरलेले असणार. कारण त्याच रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या गाड्यांचे टायर दोन्ही कडांना सारखे झिजले आहेत.

मागचे दोन टायर तर धडधाकट होते. मोटार वाहन नियमांप्रमाणे कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असून चालत नाही. ती पातळी दाखवणारे छोटे उंचवटे कंपनीच खाचांच्या तळाशी ठेवते, आणि ते कुठे आहेत हे सापडावे म्हणून टायरच्या बाजूवर बारीक त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे उमटवते. आमच्या मागच्या टायरांची नक्षी त्या उंचवट्यांच्या बरीच वर होती. तो त्रिकोण शोधण्याची तसदी आपण मला दिली नाहीत आणि स्वतःही घेतली नाहीत. दोघांचेही श्रम वाचले. पैसे तेवढे माझे गेले.

दुसरे आभार आपल्या काळजीचे. आतलीच कड का गेली, असे मी विचारले. आपण हसून म्हणालात, “मॅडम, तुम्ही कशाला टेन्शन घेता, सरांना फोन लावून विचारा ना.” शेठ, गाडी मी चालवते. कसारा घाटात मी चालवते, भर पावसात मी चालवते, रात्री सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे असते तेव्हाही मीच चालवते. सरांना तो टायर दाखवला असता तर त्यांनीही मलाच विचारले असते. आपण उत्तर दिले नाहीत, म्हणून मी ते शिकून घेतले. आता ते गुरुदक्षिणा म्हणून आपल्यालाच परत करते. शेजारी उभे राहून कोणी ऐकत असेल तर त्यांनीही ऐकावे.

टायर मधोमध झिजला असेल तर त्यात बराच काळ जास्त हवा होती. दोन्ही कडा गेल्या आणि मधला पट्टा शाबूत राहिला, तर हवा कमी होती. चाक फिरवताना ठिकठिकाणी खळगे हाताला लागले, तर शॉकअप संपला असल्याची किंवा बॅलन्सिंग बिघडल्याची शंका घ्यायची. आणि फक्त एक कड गेली असेल, तर चाकाचा कोन चुकला आहे. तो कोणता कोन, हे हाताचा तळवा सांगतो. तळवा टायरवर आडवा फिरवायचा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने हात सहज सरकला आणि उलट दिशेने रबराच्या ठोकळ्यांच्या धारा बोटांना लागल्या, तर टो चुकला आहे, म्हणजे चाकांची तोंडे गाडीच्या वाटेशी सरळ नाहीत. धार लागत नाही, पण आतली कड गुळगुळीत झाली आहे, तर कॅम्बर पाहायचा, म्हणजे चाक माथ्याकडून आत कलले आहे का ते पाहायचे. आमच्या पुढच्या दोन्ही टायरांना धार लागत होती. डावा त्याशिवाय आतून जास्त झिजला होता, म्हणजे तिथे दोन्ही दोष एकत्र आले होते.

एवढे कळायला यंत्र लागत नाही. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले की पुढच्या चाकाची आतली कड उभ्याने दिसते. मागच्या चाकांसाठी मोबाइल गाडीखाली धरून व्हिडिओ घेतला की काम होते. गाडीच्या खालच्या भागात काय बिघडले आहे त्याचा सगळा जबाब टायर रबरावर लिहून ठेवतो. तो न वाचता आपण टायर उतरवला, कोपऱ्यात फेकला आणि त्याच्या जागी कोरा चढवला. पुरावा इतक्या चपळाईने हलवणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

आपल्या त्या लाडक्या वाक्याबद्दल तर विशेष ऋणी आहे. “गाडी एका बाजूला ओढते का? नाही ना? मग अलाईनमेंट ओके.” हे वाक्य आपण इतक्या आत्मविश्वासाने बोललात की मी त्यावर विसंबले. खरी गोष्ट अशी आहे की दोन्ही पुढची चाके सारख्याच मापाने बाहेर फाकली असतील, तर डावे चाक गाडीला डावीकडे नेऊ पाहते, उजवे उजवीकडे, आणि गाडी नाकासमोर सरळ चालते. चालवणाऱ्याच्या हाताला काही कळत नाही. झीज मात्र रोज चालू राहते. साधे भूमितीचे गणित आहे. साधारण ६० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचे तोंड त्या व्यासावर केवळ ३ मिलिमीटरने वाकडे असले, तर दर किलोमीटरला ते चाक सुमारे ५ मीटर आडवे घासले जाते. खोडरबर कागदावर दाबून आडवा ओढावा, तसा. नाशिकहून मुंबईला जाऊन येईपर्यंत हे घासणे दीड किलोमीटरच्या वर जाते. आपल्या “ओके”मध्ये हे सारे मावले होते.

तरी आपण अलाईनमेंट केली. बिलात तिचे पैसे स्वतंत्र लावले आहेत, म्हणजे केलीच असणार. आपल्या यंत्राने छापलेला कागदही मी जपून ठेवला आहे. त्यावर आधीचे आकडे एका बाजूला, नंतरचे दुसऱ्या बाजूला आहेत. टोचे आकडे लालाचे हिरवे झाले. डाव्या चाकाचा कॅम्बर आधीही लाल, नंतरही लाल. मी त्यावर बोट ठेवले तेव्हा आपला मुलगा म्हणाला, “तो ॲडजस्ट होत नाही या गाडीत.” बरोबर आहे त्याचे. बऱ्याच लहान गाड्यांत पुढचा कॅम्बर फिरवायला कंपनीने सोय दिलेली नसते. पण शेठ, जो कोन पाना लावून फिरतच नाही, तो आपोआप बिघडला कसा, हा प्रश्न तिथेच विचारायला हवा होता. तो लाल आकडा सांगत होता की खाली काहीतरी वाकले आहे, झिजले आहे किंवा ढिले झाले आहे. आपण त्या कागदाची सुबक घडी घालून माझ्या हातात दिलीत.

व्हायचे तेच झाले. नवे टायर पाच हजार किलोमीटरही पुरते चालले नसतील, तोच पुढच्या दोन्हींची आतली कड पुन्हा पातळ होऊ लागली. मी आपल्याकडे आले. आपण या वेळी टायर बनवणाऱ्या कंपनीला दोष दिलात, रबर हल्ली मऊ येते म्हणालात आणि दुसऱ्या कंपनीची जोडी सुचवलीत. हमीचे विचारले तर म्हणालात, अलाईनमेंटमुळे झालेली झीज हमीत बसत नाही. म्हणजे विकताना अलाईनमेंट ओके होती आणि हमी मागताना ती बिघडलेली निघाली. दोन्ही वाक्ये एकाच तोंडून, एकाच खुर्चीतून आली.

मग मी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. त्यांच्याकडे एसीची खोली नाही. त्यांनी गाडी वर घेतली, चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवले आणि लोखंडी पहार लोअर आर्मच्या बुशाशी लावून जोर दिला. बुशातले रबर फाटलेले होते. आर्म जागच्या जागी हलत होता. डाव्या टाय रॉडच्या टोकालाही खेळ होता, आणि शॉकअपचा खांब एखाद्या खड्ड्यात आपटून किंचित वाकला होता. मला त्यांनी खाली बोलावून प्रत्येक गोष्ट हाताने हलवून दाखवली, आणि सरांना फोन लावायला सांगितले नाही. मग जे म्हणाले ते आपल्या उपयोगाचे आहे. यंत्र उभी गाडी मोजते. बुश फाटका असेल तर गाडी उभी असताना आकडा हिरवा येतो, आणि रस्त्यावर ब्रेक दाबला की आर्म मागे सरकून चाकाचे तोंड पुन्हा वळते. म्हणून आधी खालचे ढिले सामान बदलायचे आणि मग अलाईनमेंट करायची. उलट केले तर अलाईनमेंटचे पैसे वाया जातात. त्यांनी घेतलेले एकूण पैसे आपण सुचवलेल्या दुसऱ्या जोडीपेक्षा कमी होते.

नायट्रोजनबद्दलही थोडे आभार मानून टाकते. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तरी आपण वेगळा, शुद्ध भरून दिलात. कोन चुकलेल्या चाकात भरलेला नायट्रोजन त्या चाकाला सरळ करत नाही, हे मला तेव्हाच म्हणायचे होते. शिवाय तो भरला ४० पीएसआय दाबाने. आमच्या गाडीच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने ३३ छापले आहे, आणि तेही टायर थंड असतानाचे माप आहे. आपल्या मुलाने दार उघडून ते वाचले नाही.

आता आदर थोडा बाजूला ठेवते, शेठ. माझे माहेर नागपूरचे. सिन्नर तालुक्यातून आम्ही समृद्धी महामार्गावर चढतो. हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, आणि कारला तिथे ताशी १२० ची परवानगी आहे. त्या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर पुढे जाते. वैशाखात विदर्भातले काँक्रीट तापलेले असते. टायर सतत दबत आणि सुटत फिरतो, त्याने आतून आणखी तापतो, आणि ज्या ठिकाणी रबर उरलेले नाही तिथेच फाटतो. मागच्या सीटवर माझी दोन मुले झोपलेली असतात, मध्ये त्यांची आजी. आपण टायर विकलेत हा माझा राग नाही. विकण्यासाठीच आपले दुकान आहे. मी कारण विचारले होते आणि आपण ते न शोधता मला त्या रस्त्यावर पाठवलेत, याचा मला राग आहे.

आणि ज्यासाठी खरे तर हे पत्र लिहायला घेतले, ती विनंती राहिलीच आहे. पहिल्या वेळचे चारही जुने टायर आपण बिलात काही रुपये वळते करून ठेवून घेतलेत. त्यातले पुढचे दोन बाहेरून पाहणाऱ्याला चांगलेच दिसतात. धुऊन, काळे पॉलिश मारून, चांगली कड समोर ठेवून फळीवर लावले तर कोणीही घेईल. ते घेणारा माणूस नवे टायर न परवडणारा असेल. एखादा जुन्या गाडीवर भाडी मारणारा असेल, किंवा भाजी घेऊन पहाटे मार्केट यार्डात पोचणारा. तार आतल्या बाजूला आहे. ती त्याला दिसणार नाही.

ते दोन अजून आपल्याकडे असतील तर आजच त्यांच्या बाजूंना ब्लेडने आरपार काप मारा, म्हणजे ते कोणत्याच रिमवर चढणार नाहीत, आणि मगच भंगारात द्या. विकले गेले असतील तर ज्याला विकले त्याला फोन करून बोलवा आणि त्याचे पैसे परत करा. त्याच्याकडे पावती नसली तरी करा. मागचे दोन मात्र खुशाल विका. ते चांगलेच होते.

आपली नम्र,
एक ग्राहक
(गाडी स्वतः चालवणारी)