उजवा पाय मिरजेला

संगीत नाटकाच्या दौऱ्यात माणूस आजारी पडला तर काहीतरी सोय लागते. रेवतीचा घसा बसला की दोन पदं गाळता येतात. अश्विनशेठला ताप भरला तर तो विरहानं पोळलाय असं प्रेक्षक आपणहून समजून घेतात. पण ऑर्गन आजारी पडला तर नाटकच आजारी पडतं, कारण अख्खी मंडळी त्याच्या सुरावर उभी असते आणि त्याला 'डमी' नसतो.

आमचा ऑर्गन म्हणजे घडी घालून पेटीत बसणारा, पायानं हवा भरायचा, जुना अमेरिकन. व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावच्या 'एस्टी' कंपनीचा. या कंपनीनं आपल्या उमेदीच्या काळात पाच लाखांहून जास्त ऑर्गन जगभर विकले, आणि दुसऱ्या महायुद्धात लष्करी पाद्र्यांसाठी असे घडीचे ऑर्गनही बनवले. त्यातला एक पुण्याच्या जुन्या बाजारातून आमच्या अप्पांच्या मांडीखाली कसा आला, ही कथा अप्पा दर दौऱ्यात वेगळी सांगतात. पेटीवरचं नाव वाचून टेम्पोवाल्यानं मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "महामंडळाचं सामान हाय व्हय? पावती हाय का?"

देवलांचं 'संशयकल्लोळ' घेऊन आम्ही सातारा-सांगलीला निघालो होतो. मी भादव्या. भादव्या हा फाल्गुनरावांचा नोकर. रंगमंचावर चार वाक्यं आणि पुष्कळ निरोप्येगिरी, आणि रंगमंचाखाली वाक्यं शून्य आणि निरोप्येगिरी तेवढीच.

साताऱ्यात शाहू कलामंदिरात दुसरा अंक रंगात आला होता. रेवतीनं पद उचललं, अप्पांनी डोळे मिटले, आणि खालून 'खट्' असा आवाज आला. अप्पांचे डोळे उघडले. उजवा पाय जो खाली गेला तो वर येईना.

इथं जरा यंत्राचं सांगायला हवं. आपली बाजाची पेटी हवा बाहेर ढकलते, हा अमेरिकन ऑर्गन ती आत ओढतो. खाली दोन पायपट्ट्या. प्रत्येकीला एक जाड पट्टा. तो एका छोट्या रुळावरून वळून भात्याला जातो. एक पाय दाबला की एक भाता उघडतो, दुसरा दाबेपर्यंत आतली स्प्रिंग पहिल्याला मिटवते. म्हणजे दोन्ही पाय चालले तरच श्वास सलग. आमच्या मंडळीत या पायपट्ट्यांना 'डावा पाय' आणि 'उजवा पाय' एवढंच म्हणतात. या काटकसरीचे परिणाम पुढं दिसलेच.

अप्पांनी ते पद एका डाव्या पायावर काढलं. पाय मशीनगनसारखा चालत होता, चेहरा मात्र मैफलीचा. तरी लांब सूर आला की शेवटाकडं तो किंचित बसायचा. रेवतीही त्याच्याबरोबर बसायची, आणि दोघं मिळून पुन्हा उठायची. पद संपलं. अप्पांनी रुमाल काढला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एका दर्दी आजोबांनी हात वर केला, "वन्स मोअर!"

अप्पांनी त्यांच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर फाल्गुनरावांना अजून जमलेली नाही.

खेळ संपल्यावर पेटी उघडली आणि खरा संशयकल्लोळ सुरू झाला. देवलांच्या नाटकात तो एका तसबिरीवरून होतो, आमच्यात एका लोखंडी कानावरून. रूळ ज्या ब्रॅकेटमध्ये फिरतो त्याचा एक कान मोडून खाली पडला होता. फाल्गुनरावांना टेम्पोवाल्याचा संशय. टेम्पोवाल्याला कृत्तिकेचा, कारण चढवताना तिची ट्रंक पेटीवर ठेवली होती. कृत्तिकेला ध्वनिवाल्या पोराचा, कारण "त्याला ऑर्गन नकोच आहे, की-बोर्ड हवाय." व्यवस्थापक नानांना सगळ्यांचाच, पण मुख्यतः खर्चाचा. त्यांनी मध्यरात्री पुण्याला खजिनदारांना फोन लावला. रेंज येत-जात होती. नाना ओरडत होते, "अप्पांचा उजवा पाय गेला! हो, नाटक चालू असतानाच! एका पायावर पार पाडलं बिचाऱ्यांनी! हॅलो?"

फोन कट झाला. नाना समाधानानं झोपले.

सकाळी अप्पा, नाना आणि नोकर या नात्यानं मी, असे मोडका कान रुमालात बांधून पोवई नाक्याकडं निघालो. साताऱ्याचा माणूस सल्ला देताना कंजूषपणा करत नाही. चहाच्या टपरीवर रुमाल सोडला तेव्हा तिघं बघायला आले, गाठ मारेपर्यंत अकरा झाले होते. पंपाचा पार्ट आहे, नाही रे गिरणीचा आहे, असं होता होता एकानं शपथेवर सांगितलं की तो बुलेटचाच आहे. अप्पांनी 'ऑर्गन' म्हणताच सगळे गप्प झाले, आणि एक पागोटेवाले बाबा सहानुभूतीनं म्हणाले, "मग मिरजंला न्या."

साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत, आणि पलीकडं बेळगावच्या वाटेलाही, हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. अमेरिकन मिशनच्या डॉक्टर वानलेस यांनी मिरजेत 1894 साली इस्पितळ उघडलं, तेव्हापासून गावच्या वैद्यानं हात टेकले की पेशंट मिरजेला. बाबांना तेच अभिप्रेत होतं. गंमत अशी की ते बरोबरच निघाले.

पण नानांचा हिशेब जवळच्या वेल्डरवर होता. वेल्डर जाणकार होता. त्यानं तुकडा हातात तोलला, मोडलेली कड उजेडात धरली. आत करड्या रव्यासारखा पोत दिसत होता. "बीड हाय हे," तो म्हणाला, "साधं वेल्डिंग धरायचं न्हाई. गरम झालं की शेजारनं तडकतंय. पितळ टाकून ब्रेझिंग करायला पायजे, त्येचं सामान आज न्हाई."

"साध्याचे किती?" नानांनी विचारलं.

"पन्नास. पर धरायचं न्हाई."

"पितळेचे?"

"दोनशे. उद्या."

"साधंच करा," नाना म्हणाले.

त्यानं केलं. करताना दोनदा मान हलवली, पैसे घेताना तिसऱ्यांदा. वाचलेल्या दीडशेतून नानांनी मोती चौकात कंदी पेढे घेतले. कंदी पेढ्याला खवा चांगला तांबूस होईपर्यंत भाजतात, म्हणून तो प्रवासात टिकतो. आमच्याकडं टिकला नाही. कराडच्या आधीच खोका रिकामा झाला आणि पुन्हा संशयकल्लोळ.

टेम्पोत ध्वनिवाला पोरगा अप्पांचं मन रमवायला म्हणून म्हणाला, "अप्पा, अमेरिकेत पेडल स्टील गिटार म्हणून वाद्य असतं. टेबलासारखं आडवं. त्यातली तार पेडल दाबून ओढतात, सूर वर सरकतो. खाली नुसत्या सळया आणि खटके. ते लोक पण गावोगाव दौरे करतात आणि त्यांचं पण सारखं काहीतरी मोडतं."

अप्पांनी विचार केला. "पायानं सूर बदलतात? मग हातांना काय काम?"

"उजव्या हातानं तारा छेडायच्या, डाव्यानं लोखंडी कांडी फिरवायची. एक पाय पेडलवर, दुसरा आवाज कमी-जास्त करायला. आणि गुडघ्यांनी पण दांडे ढकलायचे."

"गुडघ्यांनी?"

"दोन्ही."

"मोडणारच," अप्पा म्हणाले. त्या अनोळखी अमेरिकन मंडळींविषयी त्यांना इतका जिव्हाळा वाटला की पेठ नाका येईपर्यंत ते स्वतःचं दुःख विसरले होते. नाक्यावरून टेम्पो सांगलीकडं वळला, एका गतिरोधकावरून उडाला आणि मागच्या पेटीतून ओळखीचा 'खट्' आला. नानांनी खिडकीबाहेर ऊस बघायला सुरुवात केली.

त्या उसाच्या पट्ट्यात माझ्या मनात मात्र किर्लोस्करवाडी घोळत होती. ती आमच्या रस्त्यावर लागत नाही, पुण्या-मिरजेच्या रेल्वेवर लागते. एका किर्लोस्करांनी, अण्णासाहेबांनी, 1880 साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि महाराष्ट्राला गायला लावलं. दुसऱ्यांनी, लक्ष्मणरावांनी, सायकलीच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगर काढले आणि 1910 मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर कारखाना वसवला. या दोन किर्लोस्करांनी मिळून एखादा ऑर्गनचा ब्रॅकेट केला असता तर आमची ही पायपीट वाचली असती.

सांगलीला प्रयोग दुसऱ्या दिवशी होता, आणि तोही विष्णुदास भावे नाट्यमंदिरात. भाव्यांनी 1843 साली याच गावात 'सीतास्वयंवर' करून मराठी नाटक उभं केलं. शिवाय आमच्या नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे. म्हणजे नाटकाच्या जन्मगावात, नाटककाराच्या वेशीवर, आम्ही लंगडा ऑर्गन घेऊन उतरलो होतो. नाट्यमंदिराच्या रखवालदारानं पेटीत वाकून पाहिलं आणि म्हणाला, "आवो, ह्येला मिरजंला न्या की. धा किलोमीटरवर हाय."

मिरजेच्या सतारमेकर मंडळींची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मूळचे हे शिकलगार. तलवारींना धार लावणारे, हत्यारं दुरुस्त करणारे. इंग्रजी अंमल आला, तलवारी खुंटीला लागल्या, धंदा बसला. तेव्हा, 1850 च्या सुमारास, फरीदसाहेब नावाच्या कारागिरानं मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं तंबोरे-सतारी करायला घेतल्या. पुढं अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले आणि तिथल्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना मूठमाती मिळाली. मोठमोठे गवई तंबोऱ्यासाठी इथं येत राहिले. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ही बातमी गल्लीच्या तोंडाशीच कळल्यावर नानांचा चेहरा पडला. "म्हणजे भाव वाढले असणार."

गल्लीत दोन्ही बाजूंना भोपळे. छताला टांगलेले, ओट्यावर वाळत घातलेले, कापून तोंड वासलेले. हे खायचे नव्हेत. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे, जाड सालीचे, कडू. एका ओट्यावर एक चाचा तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. घोडीवर कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, मान हलवायची, पुन्हा फिरवायची. आमच्याकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं नाही.

मग पेटी पाहिली. मोडक्या कानाला हातसुद्धा लावला नाही. अप्पांना म्हणाले, "मास्तर, डावा पाय चालवा." अप्पांनी चालवला. चाचांनी उदबत्ती पेटवली आणि भात्याच्या घड्यांजवळून हळूहळू फिरवत नेली. धूर सरळ वर जात होता. मागच्या कोपऱ्यातल्या घडीपाशी तो एकाएकी वाकला आणि सुळकन आत गेला. तिथं कापडाला उंदरानं कुरतडलेलं भोक होतं, हरभऱ्याएवढं.

"ह्याचा पाय मोडला न्हाई," चाचा म्हणाले. "दमा हाय ह्याला. हवा ऱ्हात न्हाई म्हणून तुम्ही पायानं हाणताय. हाणून हाणून कान मोडला. दम्याला पायावर इलाज करताय व्हय?"

सगळ्या संशयितांची एका उदबत्तीत निर्दोष सुटका झाली. टेम्पोवाला तर नानांकडं बघून हसलासुद्धा.

मग पातळ कातडं आलं. चाचांनी त्याच्या कडा नखानं चाचपत चाकूनं अशा सोलल्या की कुठं कातडं संपलं आणि कुठं कापड लागलं ते बोटाला कळू नये. गरम पाण्यात वाटी, वाटीत सरस. त्याचा वास सुटला तसे फाल्गुनराव नाकाला रुमाल लावून चौकापर्यंत गेले. ठिगळ वाळेपर्यंत चाचांनी पितळेची एक जाड पट्टी व्हाइसमध्ये धरली, जुना कान शेजारी ठेवला आणि मोजमाप न घेता कानस चालवली. हत्यारांचं घराणं ते. तासाभरात नवा कान जुन्या रुळाला असा बसला की अप्पांनी ब्रॅटलबरोचं नाव पुन्हा काढलं नाही.

अप्पा ओट्यावर बसून दोन्ही पायांनी वाजवून बघत होते तेव्हा गल्लीत एक घामाघूम गृहस्थ आले. अप्पांचे जावई. खजिनदारांनी घरी कळवलं होतं की अप्पांचा उजवा पाय गेला, आणि पाय गेला म्हणजे मिरजेलाच नेलं असणार, असं घरच्यांनी धरलं. अप्पा मोबाइल बाळगत नाहीत, नानांचा बंद. जावईबापू रात्रीच्या गाडीनं मिरज जंक्शनला उतरून इस्पितळं पालथी घालत होते. एका ठिकाणी त्यांनी "ऑर्गनवाले अप्पा कुठं आहेत?" असं विचारल्यावर तिथल्या बाईंनी मोठ्या आदरानं त्यांना खुर्ची दिली आणि अवयवदानाचा फॉर्म पुढं केला. शेवटी एका रिक्षावाल्यानं ऑर्गन म्हणजे काय ते नीट ओळखलं आणि सरळ गल्लीत आणून सोडलं.

सासऱ्यांचे दोन्ही पाय झपाझप चालताना पाहून जावईबापू काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, "सासूबाईंना तुम्हीच फोन करा."

सांगलीचा प्रयोग झकास झाला. चाचांनी पैशांबरोबर सहा पास मागितले होते. पहिल्या रांगेत बसून त्या सहाही जणांनी रेवतीकडं ढुंकूनही न पाहता तिन्ही अंक अप्पांचे पाय पाहिले. अप्पांना इतक्या हवेची सवय नव्हती, त्यामुळं फाल्गुनरावांचं एक स्वगत ऑर्गनखाली संपूर्ण बुडालं. ते ऐकू आलं नाही याबद्दल प्रेक्षकांतून तक्रार आली नाही.

पुण्याला हिशेब द्यायची वेळ आली तेव्हा नानांपुढं प्रश्न पडला. दुरुस्तीच्या खात्यात शिल्लक नव्हती, कलाकारांच्या औषधपाण्याच्या खात्यात होती. त्यांनी वहीत लिहिलं, 'मिरज : उजवा पाय व दमा.' खजिनदारांनी रक्कम निमूट मंजूर केली, आणि पुढच्या कार्यकारिणीत अप्पांच्या प्रकृतीला आराम पडल्याबद्दल आनंद व्यक्त करणारा ठराव मांडला. तो एकमतानं मंजूर झाला. अनुमोदन अप्पांनी दिलं.