कॉमर्सवालीच्या कपाळी फिजिक्स

वहिनी, धुणं राहू द्या घटकाभर, इकडे भिंतीपाशी या. काल रात्री आमच्याकडे काय महाभारत झालं! मागच्या गल्लीतले माग खडखडत होते म्हणून, नाहीतर तुम्हाला शब्दन्‌शब्द ऐकू आला असता.

अहो, पोरगी बी.कॉम.ला गेली तेव्हा म्हटलं, सुटलो, सायन्सची कटकट गेली. कसलं काय! २०२४ पासून कॉलेजात नवीन शैक्षणिक धोरण लागू झालंय ना, त्यात ‘ओपन इलेक्टिव्ह’ घ्यावाच लागतो, आणि तोही दुसऱ्या शाखेचा. विषय दोन क्रेडिटचा. म्हणजे नुसती थिअरी असली तर सेमिस्टरभरात सगळे मिळून ३० तास. पण फोन बघाल तर रात्री बारापर्यंत! कशाला प्रॅक्टिकल नाही, कोणते सर सढळ हातानं मार्क देतात, हजेरी कुठे चालून जाते. तिच्या एका मैत्रिणीनं खगोलशास्त्र घेतलं. का, तर पत्रिका बघायला शिकवतील! हसू नका, तिच्या आईनंच भाजी घेताना सांगितलं मला.

आमचे हे म्हणाले, केमिस्ट्री घे, सायझिंगमध्ये सुताला खळ का लावतात ते तरी कळेल. खळीनं ताण्याचं सूत मागावर घासून तुटत नाही, हे ह्यांना तोंडपाठ, पोरीला मात्र जांभया.

तेवढ्यात माझा भाऊ आला. त्याची कांद्याची चाळ आहे ना, दरवर्षी रडगाणं तेच, भाव येईपर्यंत कांद्याला कोंब फुटतात. तो सहज बोलून गेला की लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२ मध्ये विकिरण केंद्र उभं केलंय, तिथं कांद्यावर किरण सोडतात. झालं, पोरगी उठून बसली! अणूचा कांदा खायचा? मग मामा-भाचीची जुंपली. किरण कोबाल्ट-६० चे, गॅमा. ते आरपार जातात, कांद्यात काही उरत नाही. आतल्या कोंबाच्या पेशी वाढायच्या थांबतात, एवढंच. आंबासुद्धा २००७ पासून तिथून किरण खाऊन अमेरिकेला गेलाय, तो किडीच्या भीतीनं. आणि कांदा सडायचा तो सडतोच हो, किरणांचा इलाज फक्त कोंबावर. म्हणून काढणीनंतर कांदा सुकला, की तो झोपेत असतानाच न्यावा लागतो. भाऊ म्हणाला, मग भाडं, हमाली, पुढं शीतगृह, परवडतं का बघ. तिनं लगेच वही काढली, क्विंटलमागे हिशोब मांडायला बसली. कॉमर्स कामाला आलं की नाही!

सकाळी उठून फिजिक्सचा इलेक्टिव्ह भरून आली. मला तर पटलं. सोपा म्हणून घेतलेल्या विषयाचे ३० तास संपता संपत नाहीत बाई. घरात ज्यावरून भांडण पेटलंय तोच विषय घ्यावा.

आता तुमच्या चिरंजीवांचं ऐकलं मी, ते बी.एस्सी.ला ना? त्यालाही उलटा नियम आहेच, सायन्स सोडून काहीतरी घ्यायचं. आर्ट्सच्या जागा भरल्या म्हणे. अकाउंट्सला भिऊन सायन्सला पळाला होता ना तो? पाठवा संध्याकाळी, आमची शिकवेल.