हवाई छात्रसेनेपासून मूल वाचवणाऱ्या पालकांस

प्रति,
समस्त दक्ष पालकवर्ग,
मुक्काम : सीईटी क्लासच्या गेटबाहेर

विषय : आपल्या पाल्यास एनसीसीच्या एअर विंगपासून वेळीच परावृत्त केल्याबद्दल अभिनंदन.



अकरावी प्रवेशाच्या फेऱ्या संपतात न संपतात तोच कॉलेजच्या फलकावर एनसीसीच्या भरतीची नोटीस लागते. ज्या मोजक्या कॉलेजांत एअर विंग आहे, तिथले एखादे पोर ती वाचून हरखून घरी येते. अशा वेळी आपण दाखवता त्या प्रसंगावधानाला तोड नाही. आपण ओरडत नाही, रागावत नाही. हातातला घास न थांबवता एवढेच विचारता, "त्याचे मार्क किती?" या तीन शब्दांनी आजवर जितकी उड्डाणे रद्द केली, तितकी दिल्लीच्या धुक्यानेही केली नसतील. म्हणून हे जाहीर अभिनंदन. मात्र ते तोंडदेखले होऊ नये, यासाठी आपल्या निर्णयामागची कारणे एकेक करून तपासून पाहावीत असे ठरवले आहे.

आपल्याला विमानाचे वावडे आहे, असे कोणीही म्हणू शकणार नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, हा मजकूर आपण दरवर्षी निष्ठेने पुढे पाठवता. या गोष्टीला ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा आधार जोडला जातो, त्यात वर्णिलेली विमाने उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्येच काढला होता. पण ती का उडणार नाहीत हे समजायचे तर पंखाला उचल कुठून मिळते आणि हवा त्याला मागे कशी ओढते, हे आधी कळावे लागते. नेमके हेच एअर विंगच्या वर्गात शिकवतात. तिथे मूल गेले, तर उद्या घरच्या ग्रुपवर उलटे प्रश्न विचारील. हे संकट आपण दूरदृष्टीने टाळलेत.

या विंगची मुळे फार लांब शोधावी लागत नाहीत. पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशींवरून 1948 मध्ये एनसीसीचा कायदा झाला, आणि 1 एप्रिल 1950 रोजी हवाई विभागाच्या पहिल्या दोन स्क्वाड्रन उभ्या राहिल्या : एक मुंबईत, दुसरी कोलकात्यात. चीनशी झालेल्या युद्धानंतर, 1963 मध्ये, एनसीसी सक्तीची झाली. 1968 मध्ये ती ऐच्छिक झाली आणि तेव्हापासून इच्छा आपलीच चालते. 'नुसते उन्हात लेफ्ट-राइट करायचे, त्यात काय शिकणार?' हा आपला पहिला आक्षेप. परेड आहेच, पण तिच्या जोडीला उड्डाणाची तत्त्वे, हवामान, नॅव्हिगेशन, इंजिन, कॉकपिटमधली उपकरणे हे विषय असतात, आणि एरोमॉडेलिंग असते. बाल्सा हे नखाने दाबले तरी वळ उमटेल इतके मऊ, हलके लाकूड. ते ब्लेडने कापायचे, पॉलिशपेपरने घासून पंखाला गोलाई आणायची, जोडायचे आणि मग पंखाखाली दोन बोटे धरून तोल पाहायचा. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश रुंदीच्या आसपास तो यायला हवा. शेपटी जड झाली तर हातातून सुटलेले ग्लायडर नाक वर करते, वेग गमावते आणि तोंडावर आपटते. मग नाकात थोडे वजन भरायचे आणि पुन्हा फेकायचे.

खरी आपत्ती आहे ती इथे. या परीक्षेत पर्यायी प्रश्न नाहीत, 'बेस्ट ऑफ फाइव्ह' नाही, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज नाही. चूक झाली की ती सगळ्या मैदानादेखत मातीत पडलेली दिसते आणि ज्याची त्याला उचलून आणावी लागते. कोणाचे वडील कोण आहेत, याची चौकशी ग्लायडर करत नाही. ज्या मुलाला सतराव्या वर्षापर्यंत एकही चूक स्वतः निस्तरू दिलेली नाही, ज्याचा प्रोजेक्ट रात्री जागून आपणच पुरा केला, त्याला हा धक्का सोसवेल का, ही आपली काळजी अगदी रास्त आहे. एअर विंगचा सगळा खटाटोप मुलाला त्याच्या कामाचा परिणाम त्याच्याच डोळ्यांनी दाखवण्यासाठी असतो. आपला सगळा खटाटोप नेमका उलट्या दिशेने चालतो.

आता मार्कांचे. एअर विंगमुळे सीईटीचा पर्सेंटाइल वाढत नाही, हे मान्य. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये पदवीला एनसीसी हा श्रेयांक असलेला ऐच्छिक विषय ठेवण्याची वाट मोकळी केली, पण त्याने आपले समाधान व्हायचे नाही. आपल्याला हवे असतात ते शेजारच्या मुलाला न मिळालेले मार्क. गंमत पुढे आहे. हेच मूल इंजिनिअर होते, कॅम्पस इंटरव्ह्यूला तोंडातून शब्द काढत नाही, आणि मग आपण 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट'च्या शनिवार-रविवारच्या कोर्सला हजारो रुपये मोजता. एनसीसीच्या दहा दिवसांच्या वार्षिक कॅम्पात अनोळखी मुलांबरोबर राहणारे, पहाटे उठणारे, आपले ताट आपण घासणारे आणि शंभर जणांच्या रांगेला खड्या आवाजात 'सावधान' करणारे पोर हा कोर्स जवळजवळ फुकटात करून येते. फुकट मिळते ते कुचकामी, या आपल्या सिद्धांतात ते बसत नाही, हा त्याचा दोष.

दुसरी काळजी जिवाची. एनसीसीकडे स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीची 'व्हायरस एसडब्ल्यू 80' ही मायक्रोलाइट विमाने आहेत. 80 अश्वशक्तीचे इंजिन, शेजारी शेजारी दोन आसने, आणि दुसऱ्या आसनावर प्रशिक्षित वैमानिक. उडण्याआधी विमानाभोवती फेरी मारून चाके, इंधन, तेल, पंखांवरचे हलते भाग असे एकेक तपासायचे. यादीतले एक काम राहिले तरी विमान जागचे हलत नाही. धोका शून्य नसतो, तसा दावा कोणी करूही नये. पण याच मुलाला आपण सोळाव्या वर्षी, लायसन्स नसताना, हेल्मेट डिकीत ठेवून क्लासला जायला स्कूटर दिलेली असते. 2022 या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे गेली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा होता. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एवढे असूनही आपली सारी भीती आपण आकाशासाठी राखून ठेवली आहे आणि रस्त्याच्या वाट्याला तिचा कणही येऊ दिलेला नाही.

तिसरी धास्ती अशी की, एकदा अंगावर वर्दी चढली की पोरगे फौजेत ओढले जाईल. एनसीसीच्या कॅडेटवर सैन्यात जाण्याचे कसलेही बंधन नसते. इच्छा असेल तर दार मात्र उघडे असते. एअर विंगचे 'सी' प्रमाणपत्र आणि पदवी असलेल्यांसाठी हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेत 10 टक्के जागा ठेवलेल्या आहेत, आणि त्यांना लेखी परीक्षेच्या चाळणीतून न जाता थेट निवड मंडळापुढे जाता येते. तिकडे माणसांची किती गरज आहे, तेही पाहा. 'कॅग'च्या अहवालानुसार 2015 च्या आरंभी हवाई दलात 486 वैमानिक कमी होते. 2021 अखेर हा आकडा 596 वर गेला. निवड मंडळ सगळ्यांनाच घेत नाही, हेही खरे. तरुण अब्दुल कलाम डेहराडूनला नववे आले आणि जागा आठ होत्या. पुढे त्यांचे फारसे बिघडले, असे ऐकिवात नाही. आणि पोराला नागरी वैमानिकच व्हायचे असेल, तर व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या 200 तासांच्या उड्डाणापायी आपण फ्लॅट गहाण टाकून पन्नास लाख उभे करायला तयार असता. त्याला विमान खरेच आवडते की विमानतळावरचे फोटो आवडतात, हे त्याआधी एअर विंगमध्ये कळले असते, आणि फ्लॅटही सुखरूप राहिला असता.

मुलगी असेल तर आपली दक्षता दुणावते. 'उन्हात रंग उतरेल, मग स्थळे यायची कशी?' जून 2016 मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या हवाई दलाच्या पहिल्या महिला फायटर पायलट झाल्या. निवडीच्या कोणत्याही टप्प्यावर रंगाचा रकाना भरावा लागल्याची नोंद नाही. याहून अधिक वेळ या आक्षेपाला देणे योग्य नव्हे.

आपला एक आक्षेप मात्र असा आहे की त्यापुढे उपरोध खाली ठेवावा लागतो. तो म्हणजे, 'विमान आहे कुठे?' हवाई स्क्वाड्रन मोजक्याच, त्याही बहुतेक मोठ्या शहरांत. तालुक्याच्या गावातल्या मुलाला एअर विंग सहसा शोधून सापडत नाही. जिथे आहे तिथेही चालू स्थितीतले विमान, उडवणारा अधिकारी, मोकळी धावपट्टी आणि स्वच्छ हवा हे चारही एका दिवशी जुळून यावे लागते. कॅडेटच्या वाट्याला येणारी हवेतली मिनिटे त्यामुळे थोडी असतात. काही ठिकाणी परेड हजेरीपुरती आणि नाश्त्यापुरतीच उरते. नाव घातले की वैमानिक झालो, असे कोणी मुलाला सांगत असेल तर तो त्याला फसवतो आहे. हे सगळे खरे आहे. पण यावरून मूल पाठवू नये हे सिद्ध होत नाही. विमाने आणि स्क्वाड्रन वाढाव्यात, इतकेच सिद्ध होते, आणि त्या वाढवायला लावण्याची ताकद आपल्याइतकी कोणाकडेच नाही. प्रवेशपरीक्षेच्या गुणांत घोळ झाला तर आपण चोवीस तासांत मंत्र्यांच्या दारात असता. प्रवेशफेरी लांबली तर न्यायालयात जाता. कॉलेजातली एनसीसी सांभाळणारा प्राध्यापक निवृत्त झाला, जागा रिकामी राहिली आणि तुकडी गुंडाळली गेली, तर मात्र एकाही पालकाची तक्रार येत नाही. एनसीसीच्या प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरात 2022 पासून सलग तीन वर्षे महाराष्ट्राने पंतप्रधानांचा ध्वज जिंकला, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने स्टेटस ठेवले. तो जिंकून आणणारी मुले कोणाच्या तरी घरची होती. ती आपल्या घरची नसावीत, एवढी खबरदारी आपण घेतली होती. केंद्र सरकारने 2024 मध्ये एनसीसीत तीन लाख कॅडेट वाढवून एकूण संख्या वीस लाखांपर्यंत नेण्याला मान्यता दिली आहे. या वाढीतला किती हिस्सा हवाई विभागाला आणि किती लहान गावांना मिळेल, हे कोण किती जोराने मागतो यावरही ठरणार आहे.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या जूनमध्ये कॉलेज निवडताना कट-ऑफबरोबर प्राचार्यांना आणखी तीन गोष्टी विचारा : इथे एनसीसीची कोणती विंग आहे, तिला अधिकारी नेमलेला आहे का, आणि गेल्या वर्षी किती मुले प्रत्यक्ष हवेत गेली. एकाने विचारले तर हसतील, पन्नासांनी विचारले तर उत्तर तयार ठेवतील. आणि मुलाने भरतीचा अर्ज पुढे केला तर तो वाचून पाहा. त्यावर पालकाची सही लागते, आणि आजघडीला बऱ्याच अर्जांवर तेवढीच राहिलेली आहे.

कळावे,
आपला नम्र,
एअर विंगचा एक हितचिंतक